पुरावा कुणी द्यायचा?

परवा फोनवर दादा म्हणाला, "येऊरचे पाडे म्हणजे जंगलातलं अतिक्रमणच. उठवा एकदाचे." येऊर म्हणजे ठाण्याला लागून असलेला जंगलाचा डोंगर, तिथे आदिवासींचे पाडे आहेत. आमचं घर त्याच्या पायथ्याजवळ, वर्तकनगरला. करवंदं, रानभाज्या घेऊन पाड्यावरच्या बायका आमच्या दारात यायच्या, आई त्यांना चहा द्यायची. त्यांना अतिक्रमण म्हणायचं? येऊरच्या बंगल्यांबद्दल मात्र दादा अवाक्षर बोलला नाही.

१८७८च्या वनकायद्याने जंगल राखीव करायचं ठरलं की जाहीरनामा निघे. तीनेक महिन्यांच्या मुदतीत जो हक्क सांगायला आला नाही, त्याचा हक्क संपला. पाड्यावर तो जाहीरनामा वाचणार कोण? राबासाठी, म्हणजे भाताची रोपं वाढवायची जमीन भाजायला, फांद्या तोडण्यावरही बंधनं आली. ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याच्याही आधी, २ मे १८४८ला, सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे या आदिवासी पुढाऱ्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. कोर्टनाक्याजवळची ती भिंत लहानपणी कितीदा पाहिली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला राहतो. इथे बॅस्टियन पॉइंट नावाची समुद्राकाठची टेकडी आहे. सरकार तिथे महागडी घरं बांधायला निघालं, तेव्हा १९७७पासून इथले मूळ रहिवासी माओरी ५०६ दिवस जागा धरून बसले. शेवटी पोलिसांनी २२२ जणांना पकडलं. सरकारच्या लेखी तेही घुसखोरच होते. पण १९८५त माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाला थेट १८४०पर्यंत, म्हणजे माओरी आणि इंग्रजांच्या वैतांगी करारापर्यंत, मागे जाऊन त्या तपासायची मुभा मिळाली, आणि १९८८त ती जमीन परत द्यायचं सरकारने कबूल केलं. गेलं त्याच्या मानाने माओरींना मिळालं फार थोडं, हेही खरं. तरी इथे सरकारला आपल्याच जुन्या कागदांचा जाब द्यावा लागला.

आपला २००६चा वनहक्क कायदा ऐतिहासिक अन्याय झाल्याचं स्वतःच मान्य करतो. १३ डिसेंबर २००५च्या आधीचा ताबा दाखवायला म्हाताऱ्यांचा जबाब चालतो, जुनी विहीर, स्मशानही चालतं. आपण मात्र पहिल्यांदा सातबारा मागतो. ज्यांची नोंदच कुणी केली नाही, त्यांनी तो आणायचा कुठून?

दादाला मी विचारलं, आपली सोसायटी आधीची की पाड्यावरचं स्मशान? रविवारी वर जाऊन विचारून येतो म्हणालाय.