मॅडम, मी आले

परीक्षेच्या ड्युटीवरून घरी येऊन दोन तास झाले, नुसती बसून आहे. कुकरसुद्धा लावलेला नाही. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय.

अकराचा पेपर होता. माझ्या ब्लॉकमध्ये तिचा नंबर. (तिचं नाव लिहिणार नाही, कॉलेजचंही नाही.) घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, तिचा बेंच रिकामाच. बाहेर डोकावले तर ती व्हरांड्यात उभी आणि सीनियर सुपरवायझर हॉल तिकीट हातात धरून एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघतायत. तिकिटावर मुलाचं नाव, नुकती मिसरूड फुटलेल्या मुलाचा फोटो. समोर ओढणी घेतलेली मुलगी. तिच्याकडे प्लॅस्टिकची फाईल होती. तृतीयपंथी असल्याचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, राजपत्रात छापून आलेल्या नावबदलाची प्रत, आधार, सगळं त्यात. एकेक कागद काढून दाखवत होती बिचारी. ते म्हणाले, "ते राहू दे. यावरचं नाव मोठ्यानं सांग."

तिनं सांगितलं. शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलांनी माना वळवल्या, कुणीतरी फिसकन हसलं. बेंचवर बसली तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. गेलेली मिनिटं कुणी भरून देत नाही.

परीक्षेला डमी बसवतात, ओळख तपासावी लागते, मान्य. मीही तपासते. पण तपासायला लागणारं सगळं त्या फाईलमध्ये होतं ना!

मी मराठी शिकवते. एफवायला हजेरी घेताना तिचं जुनं नाव पुकारलं की ती नुसतं "हजर" म्हणायची. बाकीचे सगळे "यस मॅडम". दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की हे लेकरू "मी" म्हणून वाक्य सुरूच करत नाही. "मला उशीर झाला." "पुस्तक हवं होतं." "काल बरं नव्हतं." मराठीत "मी आलो" म्हणा नाहीतर "मी आले", लपायला जागा नाही. तिनं ती जागा व्याकरणातूनच शोधून काढली होती, कर्त्याला चतुर्थीत ढकलून! इतकी वर्षं व्याकरण शिकवतेय, मला हे कधी सुचलं नसतं.

एसवायला एके दिवशी लेक्चर सुरू झाल्यावर दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी आले." वर्ग चिडीचूप. मी म्हटलं, "ये, बस." बस्स, एवढंच केलं मी. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गाची हजेरी नंबरानं घ्यायला लागले. त्याला ना जीआर लागला, ना निधी.

आणि विद्यापीठ काय म्हणतं? आधी बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव बदलून आणा. बोर्ड म्हणतं, शाळेनं प्रस्ताव पाठवायला हवा. शाळा गावात. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला दिल्यानंतर जनरल रजिस्टरला हात लावता येत नाही. आणि गावात वडिलांनी सांगून ठेवलंय की या वेशात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे हिनं जायचं कुठे? खिडकीवरच्या क्लार्कला मी दोष देत नाही, उद्या ऑडिटला त्यालाच उभं करतात. पण त्याच्यावर साहेब आहेत, साहेबांवर आणखी साहेब आहेत, त्यांतल्या एकालाही एक पत्र काढावंसं वाटत नाही?

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा. २०१९ ला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, २०२० ला त्याचे नियम आले. प्रमाणपत्र दाखवलं की शाळा-कॉलेजच्या कागदांवरचं नाव १५ दिवसांत बदलून द्यायचं, असं त्या नियमांत चक्क लिहिलेलं होतं. कायद्यानं प्रत्येक संस्थेत एक तक्रार अधिकारी नेमायला सांगितलाय. आमच्याकडे तो कोण, हे मी आज स्टाफरूममध्ये विचारलं. सगळे चहा पीत राहिले.

२०२३ मध्ये तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या फीमाफीच्या बातम्या आल्या तेव्हा मीच आनंदानं शेअर केल्या होत्या. फी माफ व्हायलाच हवी. पण जिचं नावच चुकीचं छापता, तिची फी माफ करून तिला वर्गात टिकवणार कसं? हॉस्टेलचं विचारूच नका. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २०१८ ला हॉस्टेलचा एक भाग लिंगनिरपेक्ष केला, म्हणजे करता येतं. आमच्याकडे मुलांचं आणि मुलींचं, दोनच इमारती. ही दोन्हींत बसत नाही म्हणून तीन बस बदलून येते. सकाळी सहाला निघते. आणि तिला पंचवीस मिनिटं व्हरांड्यात उभं केलं यांनी.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो आपण. भाषणं करतो. मीही केलंय. सावित्रीबाईंच्या नावानं गळे काढायचे आणि शिकायला आलेल्या पोरीला दारात अडवायचं, याची लाज कुणाला वाटणार आहे का नाही?

चिडून लिहितेय, कळतंय मला. पण ते पहिले दोन महिने आठवतात. रोज सकाळी साठ मुलांसमोर ते नाव मीच तर पुकारत होते, खणखणीत आवाजात. तिनं कधी तक्रार केली नाही. "हजर" म्हणायची आणि वहीत डोकं घालायची.

माझ्या यादीत परीक्षा विभागातली माणसं आहेत, प्राचार्य आहेत, सिनेटवर निवडून गेलेले मित्र आहेत. तुम्हाला काय वाटतं ते मला माहीत आहे, म्हणून लाईक नकोत. नावाच्या बाजूला प्रमाणपत्रावरचं नाव छापायची सोय हॉल तिकिटावर करा. तोवर केंद्रांना एक ओळीचं पत्र तरी काढा.

दोन वाजता पेपर सुटला. ती पुरवणीला दोरा बांधत होती, हात थरथरत होते, गाठ बसेना. मी बांधून दिली. विचारलं, "कसा गेला?"

"शेवटचा प्रश्न राहिला."

"उद्या येशील ना गं?"

माझ्याकडे न बघताच म्हणाली, "यावं लागेल."