मिस्टर घरी नाहीत का?

मी गॅरेजच्या मोटरवर चालणाऱ्या दारात पालथी पडून सेन्सरच्या काचेवरचं कोळिष्टक पुसत होते. हनुवटी फरशीला टेकलेली, कारण सेन्सरचे ते दोन डोळे, ज्यांच्या आड काही आलं की उतरतं दार परत वर जातं, जमिनीपासून जेमतेम 15 सेंटिमीटरवर असतात. त्याहून वर लावले तर रांगतं मूल खालून निसटायचं. शेजारच्या काकांना माझ्या चपलांचे फक्त तळवे दिसत असणार. तरी पहिला प्रश्न हाच.

"मिस्टर घरी नाहीत का?"

"ऑफिसला गेलेत."

"मग संध्याकाळी करतील की ते."

करतील! मोटरपासून लोंबणारी लाल दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं. आमच्या मिस्टरांनी ती दिव्याची समजून ओढली होती, आणि तीही दार वर असताना. स्प्रिंग धड होती म्हणून निभावलं. ती तुटलेली असती तर शे-सव्वाशे किलोचं दार धाडकन खाली. दार मोटर उचलते असं सगळ्यांना वाटतं. मोटर नुसती हात लावते. वजन पेलते ती वरची स्प्रिंग, आणि ती साधारण 10,000 फेऱ्यांची धनी. दार एकदा उघडून मिटलं की एक फेरी. रोज चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षंसुद्धा नाही. आमची सहाव्या वर्षात आहे. हे सगळं मला ठाऊक, पण विचारायचं मिस्टरांना.

असो. दार बंद करून लाल दोरी ओढली, हातानं कमरेपर्यंत उचललं आणि सोडलं. जागच्या जागी राहिलं. म्हणजे स्प्रिंगचा तोल ठीक. सोडल्यावर जागच्या जागी राहणारी आमच्या घरातली ही एकमेव वस्तू.

"रुळांत तेल घाला," काका म्हणाले.

रुळांत तेल घालायचं नसतं, धूळ चिकटून चिखल होतो. ते नुसते पुसायचे. वंगण बिजागऱ्यांना, चाकांच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगला. हे मी सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि पुन्हा म्हणाले, "पण रुळांत घालाच."

मग दार परत मोटरला जोडून वर नेलं, उंबऱ्यावर फळी आडवी टाकली आणि बटण दाबलं. फळीला टेकताच दारानं माघारी फिरायला हवं, ही खरी परीक्षा. दार वीतभर खाली आलं आणि परत वर गेलं. दिवा मिचमिचला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. काका प्रमुख पाहुण्यासारखे ऐन दारात, छत्री टेकून उभे.

"कंडेन्सर गेला," काका म्हणाले.

पंखा फिरेना, कंडेन्सर गेला. मिक्सर घरघरला, कंडेन्सर गेला. उद्या कुणाचं लग्न मोडलं तरी काका कंडेन्सरच तपासतील.

"नाहीतर बटण दाबून धरा. येतं झक मारत खाली."

येतं, हे दुर्दैवानं खरं आहे. भिंतीवरचं बटण दाबून धरलं की दार त्या डोळ्यांना जुमानत नाही. म्हणजे आंधळं करून खाली आणायचं. मग मी अर्धा तास जमिनीवर कशाला लोळत होते? एवढा राग आला की मान खाली घातली, आणि तेव्हा दिसलं.

"काका, छत्री."

"आज पाऊस नाहीये."

"छत्री उचला."

"अहो, आकाश बघा ना, स्वच्छ आहे."

"काका, तुमच्या छत्रीचं टोक सेन्सरच्या आड येतंय!"

त्यांनी छत्री काखेत मारली, स्वतःही दोन पावलं मागे झाले. बटण दाबलं. दार सुरळीत खाली आलं, फळीवर ठप्प झालं आणि शहाण्या मुलासारखं वर गेलं. मी सुस्कारा सोडणार तोच काका म्हणाले, "बघा! सांगत होतो ना!"

काय सांगत होता? काय?

संध्याकाळी मिस्टर शीळ घालत आले. "अगं, काकांनी आपलं दार दुरुस्त करून दिलं म्हणे. भले गृहस्थ. मी थँक्यू म्हटलं त्यांना."

मी बोलले नाही. बोलले असते तर शेजार तुटला असता, कदाचित संसारही.

"आणि रविवारी येऊन स्प्रिंगपण जरा आवळून देतो म्हणालेत. आपल्याकडे पाना आहे का, विचारत होते."

ताणलेली स्प्रिंग घरच्या पान्यानं आवळायला गेलं तर हात मोडतो, कधी डोकंही फुटतं. त्याला जाणता मेकॅनिकच लागतो. पाना आमच्याकडे एकच आहे. सध्या तो माझ्या उशीखाली आहे.