वकील नको, पिशवी घ्या

ताई, पोराच्या पोटगीची केस स्वतःच लढायचं ठरवलंत, उत्तम केलंत. वकिलाची फी वाचली. तो पैसा आता झेरॉक्स, नोटरी, ऑटो आणि बिनपगारी सुट्यांवर हात सैल सोडून उडवता येईल. शिवाय तुमची बाजू खरी आहे. खऱ्या माणसाला वकील कशाला लागतो, हे तुम्हाला आईने सांगितलंय, शेजारच्या काकूंनी सांगितलंय, आणि इथे नागपुरात मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात सोडणाऱ्या ऑटोवाल्यानेही सांगितलंय: “वकील काऊन करता मॅडम, जजसाहेबाले सगळं समजते.” समजतेच. फक्त कागदावर असेल तेवढंच समजते.

आणि गंमत म्हणजे कायदाही ऑटोवाल्याच्याच बाजूने आहे. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याचं कलम १३ म्हणतं की इथे वकिलामार्फत उभं राहायचा कुणालाही हक्क नाही. कोर्टाला गरज वाटली तर ते न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला सल्ला देणारा कायद्याचा जाणकार, नेमेल. नवरा-बायकोने आपलं गाऱ्हाणं आपल्याच तोंडाने सांगावं, असा तो विचार. म्हणून नवऱ्याचा वकील तुमच्यासमोर थेट उभा राहत नाही, आधी परवानगीचा एक पानी अर्ज देतो. त्या अर्जावर तुम्हाला ‘से’ द्यायला सांगतात. ‘से’ म्हणजे त्यावरचं तुमचं लेखी म्हणणं, पण हे कुणाला विचारायला जाऊ नका, अडाणी दिसाल. अर्जाच्या कोपऱ्यात ‘हरकत नाही’ लिहा आणि ठसठशीत सही करा. पहिल्याच दिवशी भांडकुदळ दिसणं बरं नाही. नाहीतर ‘हरकत आहे, मी एकटी आहे, मलाही कायद्याची मदत द्या’ असं लिहून बसाल आणि कोर्टाला उगाच तुमच्या एकटेपणाची दखल घ्यावी लागेल.

आता तयारी. कागद ठेवायला फाइल घेऊ नका. इतवारीतल्या साडीच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी पुरे. तिच्यात पोराचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या, शिकवणीची वही, खोकल्याच्या औषधाचं बिल, स्वतःचा डबा आणि छत्री हे सगळं एकत्र टाका. कोर्टाने शाळेची पावती मागितली की पिशवीतून आधी लाइटबिल निघालं पाहिजे, मग डब्याचं झाकण, मग गेल्या वर्षीची पावती. तिकडे त्याच्या वकिलाच्या फाइलला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या असतील. तो बोट लावेल ते पान उघडेल. त्याच्याकडे बघू नका, मन खट्टू होतं.

ही केस लोक अजूनही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून ‘एकशे पंचवीस’ म्हणून ओळखतात. १ जुलै २०२४ पासून ती नव्या संहितेत कलम १४४ झाली. जुन्या कायद्यात १४४ म्हणजे जमावबंदी होती, त्यामुळे “माझी एकशे चव्वेचाळीस चालू आहे” म्हटलं की मामा घाबरून फोन ठेवतो. तुम्ही कोणताही आकडा टाका. बाई खरं बोलते की नाही तेच कोर्ट बघणार ना!

मग येतो त्याचा जबाब. तुम्ही अर्ज मराठीत लिहिलात, खालच्या कोर्टाची भाषा मराठीच आहे. जबाब येतो इंग्रजीत, बत्तीस पानी. पोरगा त्याचा आहे एवढं त्यात मान्य असतं, बाकी सगळं नाकारलेलं. खरी मजा मात्र उत्पन्नाच्या परिच्छेदात असते. मुलगी बघायला आला तेव्हा हा माणूस बुटीबोरीच्या कंपनीत इंजिनियर होता आणि त्याचं ‘पॅकेज’ सासूबाई पाहुण्यांना दोनदा सांगत होत्या. जबाबात तो काकांच्या किराणा दुकानात मदतनीस आहे, महिना नऊ हजार, तेही काकांची मर्जी असली तर. कार भावाची. फ्लॅट आईचा. मोबाइल मित्राने वापरायला दिलेला. हप्ते तेवढे त्याचे स्वतःचे, आणि ते फेडता फेडता बिचाऱ्याकडे पोराला द्यायला काही उरत नाही. वाचून तुम्हालाच त्याची दया येईल. येऊ द्या. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायको-पोरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालय २०२२ मध्ये म्हणालं खरं, पण दिल्लीवाल्यांना आपल्या किराणा दुकानातली मंदी काय कळणार? खोटं तर वाचताक्षणी दिसतंय, तेव्हा त्याला लेखी उत्तर देण्याचे कष्टही घेऊ नका.

इथे एक नागपुरी गोष्ट सांगायलाच हवी. संत्र्यांखेरीज आपण देशाला आणखी एक देणगी दिली आहे आणि तिचा कुणी गवगवा करत नाही. आपल्याच शहरातल्या एका आईने २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी पोटगी मागितली. २०१५ मध्ये अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश झाला: तिला महिना पंधरा हजार, मुलाला आधी पाच आणि नंतर दहा. नवरा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये तिथे हरला, मग दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं: पगार, खाती, गाडी, घर, कर्ज, सगळं. सामनेवाल्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. त्यासाठी दोनहून जास्त तारखा मागून मुद्दाम घोळ घातला, तर त्याचा बचावच काढून टाकता येतो. आणि पोटगी धरायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. तोवर तान्हं पोर शाळेत जायला लागलं होतं, आणि केस अजून ‘अंतरिम’च होती.

तुम्ही मात्र हे शपथपत्र मागू नका. मागितलं तर त्याला बँकेची पानं जोडावी लागतील आणि त्यात काकांच्या दुकानातून येणारा पगार दिसणार नाही. किती अवघड होईल त्याला. आणि तुमचं स्वतःचं शपथपत्र? त्यात ब्लाउजच्या शिलाईचे दोन हजार लिहू नका, दोन हजारांना कोण विचारतो! त्याच्या वकिलाला ते न लिहिलेले दोन हजार सापडले की उरलेली सगळी पानं तो त्याच चष्म्यातून वाचतो.

आता तारखा. कायद्यात लिहिलंय की अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत शक्यतो निकाली काढावा. तुम्ही ‘६०’खाली रेघ मारलीत. त्याच्या वकिलाने ‘शक्यतो’खाली मारली. मराठी माणसाला ‘शक्यतो’चा अर्थ सांगायला नको. ‘शक्यतो येतो’ म्हणणारा पाहुणा आजवर जेवायला आलाय का? पहिल्यांदा कोर्टाची नोटीस घेऊन गेलेल्या बेलिफाला दारातच कळतं की साहेब पुण्याला असतात. त्याच संध्याकाळी साहेबांच्या स्टेटसला नागपूरच्याच फुटाळा तलावावर कणीस खातानाचा फोटो असतो. पुढच्या तारखेला वकीलपत्र. त्यापुढे जबाबाला मुदत. मग ज्युनियर मुलगा धापा टाकत येतो आणि म्हणतो, “मॅडम, सर हायकोर्टात आहेत.” सर हायकोर्टात असतील किंवा तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर. दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच. अशा वेळी समंजसपणे मान डोलवा. आजची सुट्टी बिनपगारी झाली, त्याचा खर्च बसवा, असलं काही बोलू नका. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, कोणी काय मागितलं तेही वाचायला जाऊ नका, डोळ्यांना ताण पडतो.

फुटाळ्याच्या फोटोचं म्हणाल तर तो जरूर द्या. वाद सुटायला मदत होत असेल तर पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदही कुटुंब न्यायालय बघू शकतं, अशी सोय त्याच १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. म्हणून एक फोटो देऊन भागवू नका. चांगले दोनशे चाळीस स्क्रीनशॉट काढा, वरची तारीख कापून टाका आणि मधली सुप्रभातची फुलं तशीच ठेवा. कामाचा फोटो १८७ वा असू द्या.

उलटतपासाला तर सजून जा. माझ्या वेळी खर्चाच्या यादीत मी पोराचे बूट लावले होते: एक जोडी, तीन नंबर, सहाशे नव्व्याण्णव रुपये, बिलासह. वकीलसाहेबांनी ते बिल दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं आणि विचारलं,

“हे बूट मुलगा आजही घालतो?”

“नाही.”

“आज किती नंबर लागतो?”

“पाच.”

“म्हणजे हे बूट आज वापरात नाहीत?”

“नाहीत, कारण—”

“हो किंवा नाही सांगा. वापरात नाहीत?”

“नाहीत.”

“नोंद व्हावी,” असं म्हणून ते समाधानाने पाणी प्यायले. पोराचा पाय तीनचा पाच होईपर्यंत कुणी मुदती मागितल्या होत्या, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी तुम्हाला देतेय तोच सल्ला तेव्हा पाळला. गप्प बसले आणि घरी येऊन पंख्याला सगळं खडसावून सांगितलं.

व्हरांड्यात तोच वकील भेटतो आणि एकदम माहेरचा होतो. “ताई, बहिणीसारखी आहेस म्हणून सांगून राहिलो. तीन हजारात मिटव. दिवाळीले कपडेही देईल तो.” त्याच्यावर विश्वास ठेवा. ज्याने तुम्हाला ताई म्हटलं, त्याची फी कोण भरतो, हे मनात आणणं असंस्कृतपणाचं आहे. पोटगी पोराच्या हक्काची असते, आईने सोडली म्हणून ती सुटत नाही, असं कुणी सांगितलं तर म्हणा, घरातली गोष्ट घरातच मिटलेली बरी. म्हणजे व्हरांड्यात.

जाता जाता हळूच सांगते, कुणाला सांगू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला आणि लेकराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाईचं उत्पन्न किती, ते विचारतसुद्धा नाहीत. पण तिकडे फिरकू नका. फुकटचं औषध लागू पडत नाही, असं आपल्याकडे म्हणतात ना? तेच म्हणणारी मावशी रेशनच्या रांगेत तुमच्यापुढे उभी असते, ते सोडा.

आणि समजा, एवढं सगळं करूनही आदेश तुमच्याच बाजूने झाला. होतो कधी कधी. पहिले तीन महिने पैसे येतील. चौथ्या महिन्यात काकांचं दुकान पुन्हा मंदीत जाईल. तेव्हा घाई नको. थकबाकी साठू द्या, मुदत ठेवीसारखी. दोन-तीन वर्षांची एकरकमी मागितली की कसं भरघोस वाटतं! पैसे थकले की एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, त्याहून जुन्या थकबाकीसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही, हा बारीक मजकूर तुमच्यासाठी नसून बाकीच्यांसाठी आहे. एकेका थकलेल्या महिन्यासाठी त्याला महिनाभरापर्यंत आत बसावं लागू शकतं, आणि बसून आला तरी देणं फिटत नाही, हेही मनात आणू नका. झोप लागणार नाही.

परवा मी माझ्या वसुलीच्या अर्जासाठी गेले होते. बोर्डावर चौतिसावा नंबर होता आणि पुकारा अकरावर अडकला होता. बाकावर शेजारी एक मुलगी येऊन बसली. पंचविशीची असेल. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यातून छत्रीचा दांडा बाहेर. हातात एक पानी अर्ज. तिने तो दोनदा वाचला, उलटून मागचं कोरं पान पाहिलं, मग माझ्याकडे सरकली.

“ताई, थे ‘से दे’ म्हणून राहिले. से म्हणजे काय असते?”

मी पर्समध्ये पेन शोधलं.

“‘हरकत’ लिही आधी,” मी म्हटलं. “पुढचा शब्द सांगतो तुले.”