चोर्ला घाटात बंद पडलेल्या जीपच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या गॅरेजला दिलेलं एका ताऱ्याचं रेटिंग आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. वडिलांच्या हातची १९५८ सालची विलीज जीप तुम्ही महिनाभरात दोनदा आमच्याकडे दिलीत, दोन्ही मिळून ४,८५० रुपये मोजलेत, आणि तरीही गोव्याहून परतताना केरी सोडून घाट चढायला लागल्यावर घरच्या माणसांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं. शिवाय तुम्ही लिहिलंय की आम्ही नऊ दिवस गाडी अडकवून ठेवली, मूळचे पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून घेऊन लोकल माल बसवला, आणि आम्हाला ट्रॅक्टरपलीकडं काही कळत नाही.

घाटात उभं राहावं लागलं, ती चूक आमचीच. त्यासाठी तुमची आणि घरच्यांची मनापासून माफी मागतो. गाडी ओढून आणली त्याच रात्री तुम्ही हे लिहिलंत. त्यानंतर दोन दिवसांत खरा बिघाड सापडला, म्हणून आता सविस्तर लिहितो. पॉइंट काढून घेतल्याचं मात्र मला मान्य नाही, त्याबद्दलही लिहितो.

पहिल्यांदा गाडी आली ती पावसात, तुमच्या ड्रायव्हरनं आणली. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची, कॅप काढली तर पॉइंट जळून निळे पडलेले. एका बाजूवर शेंडी आलेली, समोरच्या बाजूला तेवढाच खळगा. रोटर धरून हलवला तर शाफ्ट आडवा हलत होता. फीलर गेज लावून कॅमच्या चारही टोकांवर पॉइंटमधला गॅप मोजला, तर एका टोकावर २० थाऊ आणि दुसऱ्यावर १४. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या इंजिनाला चारही ठिकाणी २० लागतात. गॅप कमी पडला की पॉइंट उशिरा उघडतो, त्या सिलिंडरची ठिणगी उशिरा पडते आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते. शाफ्टला आधार देणारा आतला बुश झिजलेला असताना नुसते नवे पॉइंट घातले असते तर त्याच दिवशी गाडी तुम्हाला देता आली असती, पण पंधरा दिवसांत ती परत आली असती. म्हणून डिस्ट्रिब्युटर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाठवून गनमेटलचा नवा बुश मारून घेतला. तिथल्या लेथवर आमच्या आधीची कामं होती, नऊ दिवस त्यात गेले. हे तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं. आम्ही फक्त ड्रायव्हरला सांगितलं.

नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, प्लग साफ करून ३० थाऊवर, ठिणगीचं टायमिंग पिस्टन टॉपला पोचायच्या ५ अंश आधी. पिरनवाडीपर्यंत चालवून बघितली, छान चालली. त्या कामाबद्दल आजही मला शंका नाही.

चूक त्याच्या आधीच झाली होती. तुमच्या ड्रायव्हरनं गाडी देताना आमच्या मिस्त्रीला कन्नडमधून सांगितलं होतं, "बिसि आदम्याल बंद आगतैति." म्हणजे गरम झाल्यावर बंद पडते. मिस्त्रीला ते नीट कळलं होतं, त्याची भाषाच ती. पण कार्ड लिहिणाऱ्या पोरानं मराठीत लिहिलं, "मिसिंग, मधेच बंद पडते." 'गरम झाल्यावर' हे दोन शब्द राहून गेले. जुन्या गाडीत बिघाड ओळखायला त्याच दोन शब्दांना किंमत असते, कारण थंड गाडीत तो बिघाड दिसतच नाही. बेळगावात आमच्यासारख्या प्रत्येक गॅरेजात दिवसभर दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे हे कारण मी तुम्हाला सबब म्हणून देणार नाही. गाडी घेताना मी स्वतः दोन प्रश्न विचारले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, चढावर बंद पडली, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, अर्ध्या तासानं सुरू झाली. ते ऐकून आम्ही थेट व्हेपर लॉक धरलं. उष्णतेनं पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही, असा तो प्रकार. आम्ही पाइप तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब घेतला, त्यावर आवरण चढवलं आणि १,२५० रुपये घेतले. त्या अर्ध्या तासात पंपाबरोबर बाकीचं सगळंही थंड झालं होतं, हा विचार केला नाही. खरं तर बंद पडल्या जागी कॉइलची (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचा जोर तयार करणाऱ्या भागाची) मधली वायर काढून इंजिनापासून पाव इंचावर धरायची आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडकड वाजणारी ठिणगी पडली तर पेट्रोलकडं बघायचं. ठिणगीच नसेल तर पेट्रोलचा संबंध नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आम्ही ते ड्रायव्हरला सांगून ठेवलं नाही.

आता ओढून आणल्यावर मात्र आम्ही इंजिन चालू ठेवून बॉनेट बंद केलं आणि मी घड्याळ लावून शेजारी बसलो. चाळीस मिनिटांनी इंजिन अडखळायला लागलं. बॉनेट उघडून कॉइलला हात लावला तर हात ठेववेना. ठिणगी बघितली, बारीक आणि तांबूस. दोन मिनिटांत तीही गेली आणि इंजिन बंद. पेट्रोल मात्र पंपाच्या काचेच्या वाटीत भरलेलंच होतं.

थंड झाल्यावर कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. १.४ ओहम. ही ६ व्होल्टची कॉइल आहे साहेब. तुमची जीप मूळची ६ व्होल्टची. आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी तिला १२ व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर बसवून दिलाय, बल्बही बदललेत, पण कॉइल जुनीच ठेवली आणि वाटेत रेझिस्टरही घातला नाही. वर काळा रंग मारल्यामुळं कॉइलवरची अक्षरं दिसत नव्हती. चालू गाडीत १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना १० अँपिअरपर्यंत करंट ओढला जातो. ६ व्होल्टवर तो ५ च्या आसपास राहिला असता. व्होल्टेज दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पॉइंट निळे पडले ते यामुळंच. आणि कॉइलच्या आतली तार तापून तापून तिचं इन्सुलेशन गेलं, म्हणून गरम झाल्यावर ठिणगी मरते आणि थंड झाल्यावर परत येते. पहिल्याच दिवशी जळलेले पॉइंट हातात घेतल्यावर, ते इतके का जळले हे आम्ही विचारायला हवं होतं.

आता १२ व्होल्टची, ३ ओहमची कॉइल बसवली आहे. आकार तोच, क्लॅम्प तुमच्या जीपचाच. रंग मारलेला नाही, अक्षरं दिसू दिली आहेत, म्हणजे पुढं जो कुणी हात घालेल त्याला कळेल. बॉनेट बंद करून दीड तास चालवली. कॉइल कोमट होते, हात ठेवता येतो. यापुढं इंजिन बंद असताना चावी ऑनवर ठेवू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर नवी कॉइलही तापेल.

मूळचे पॉइंट, कंडेन्सर आणि आता काढलेली कॉइल, सगळं एका डब्यात तुमच्या गाडीचा नंबर लिहून ठेवलेलं आहे. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही या गॅरेजची पहिल्यापासूनची रीत आहे. पहिल्या वेळी ड्रायव्हरनं डबा नेला नाही आणि आम्हीही आठवण केली नाही. डिस्ट्रिब्युटरची बॉडी, शाफ्ट, कॅम तुमचे मूळचेच आहेत. नवे पॉइंट लोकल आहेत, हे बरोबर. मूळ कंपनीचे मला कुठं मिळाले नाहीत. या पॉइंटची कॅमवर घासणारी टाच मऊ असते, सुरुवातीला लवकर झिजते आणि गॅप मिटत जातो. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गॅप परत बघावाच लागतो. ते काम फुकट करून देऊ. कॅमला ग्रीसचा हलका हात दिला आहे, जास्त दिलं तर पॉइंटवर उडतं.

राहिलं ट्रॅक्टरचं. ते वाचून वाईट वाटलं, पण तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. आमचं निम्म्याहून जास्त काम ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचं. डिझेल इंजिनात पॉइंट नाही, कॉइल नाही, ठिणगीच नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्या आता महिन्याला एखाद-दुसरी येते. मी शिकलो तेव्हा गरम गाडी बंद पडली की उस्ताद आधी कॉइलवर हात ठेवायचे. ती सवय माझ्या हातातून सुटली आणि पोरांना मी ती लावलीच नाही. या आठवड्यात तुमच्या जीपवरच तिघांनाही दाखवलं.

पैशाचं असं : दुसऱ्या वेळचे १,२५० रुपये परत. गाडी ओढून आणायचा खर्च आमचा, पावती पाठवा. नव्या कॉइलची फक्त खरेदीची किंमत द्या, मजुरी नाही. पहिल्या बिलातले ३,६०० बुशाचे, पॉइंटचे आणि कामाचे आहेत, ते मी ठेवतो.

शनिवारी सकाळी जमलं तर या. गाडी तशीच देणार नाही. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो, जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत जाऊ आणि न थांबता परत येऊ. ड्रायव्हरलाही बरोबर आणा. घाटात काय काय झालं ते मला त्याच्याच तोंडून, कन्नडमध्येच ऐकायचं आहे. या वेळी कार्डावर मी स्वतः लिहून घेईन.