शून्य देता येत नाही म्हणून दिलेल्या एका स्टारचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू त्याच दिवशी वाचला होता. पण डोकं गरम असताना लिहिलेलं नंतर आपल्यालाच निस्तरावं लागतं, म्हणून चार दिवस थांबलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोटीत पाणी येतंय म्हणून आमच्याकडे तीनदा काम केलं, पहिल्या वेळी बेलोजचे, म्हणजे मागच्या रबरी आवरणाचे, पैसे उगाच काढले, दुसऱ्या वेळी एक क्लॅम्प आवळून बिल लावलं, आमचा पोरगा उलट बोलला, मध्येच बॅटरी बसली आणि शेवटी दोष निघाला भलतीकडेच. वर ‘सोलापुरात बोटीतलं कुणाला काय कळणार’.

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात आम्ही लोकांच्या बोटीतलं पाणी काढून पोट भरतो, यावर आमच्या गल्लीत रोज विनोद होतात. त्यात तुमचा एक. त्याचं काही वाटलं नाही. बाकीचं मात्र नीट सांगायला हवं, कारण त्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे आणि एक गोष्ट साफ चूक आहे.

चूक आहे ती बेलोजची. तुमची बोट स्टर्नड्राइव्ह. म्हणजे इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा पाय बाहेर, आणि मधल्या मागच्या भिंतीला, ट्रान्समला, भलं मोठं भोक. पाय वर-खाली, डावी-उजवीकडे फिरायचा असतो, म्हणून जोडाच्या दांड्यावर घड्याघड्यांचा रबरी बेलोज असतो. बाहेरचं तळं आणि तुमचं इंजिन यांच्यामध्ये तिथं फक्त ते रबर. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तक्रार होती, रात्री बांधून ठेवली की सकाळी तळात पाणी, आणि वळवताना मागून घरघर. आम्ही पाय उतरवला. बेलोजच्या खालच्या घडीत बोटभर चीर, आत विटकरी पाणी, दांडा ज्यात फिरतो त्या गिंबल बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलेलं. बेअरिंग हातानं फिरवलं तर वाळू भरल्यासारखं वाजत होतं. ते तसंच ठेवून बोट परत दिली असती तर तो गुन्हा होता. नऊ दिवस लागले ते पार्ट मुंबईहून यायला. बसवल्यावर अलाइनमेंट बार घालून इंजिनची रेषा तपासली, ट्रेलरवरच तळात पाणी भरून बाहेर कुठं ठिबकतंय का पाहिलं, मग उजनी धरणाच्या बॅकवॉटरला नेऊन वीस मिनिटं सोडली. कोरडी ठणठणीत. जुना बेलोज अजून माझ्या टेबलाखाली आहे. घडी उलगडून उजेडाला धरलात की आरपार दिसतं.

पण आता आमचं चुकलं ते. एक गळती सापडली म्हणजे गळती संपली, असं आम्ही धरून चाललो. आठवड्यानं तुमचा फोन आला, ‘पाहुण्यांना तीन फेऱ्या मारल्या, पुन्हा पाणी’. तेव्हा मी पंढरपूरला होतो, पोरगा गेला, त्याला इंजिनला येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपवर एक ओलसर क्लॅम्प दिसला, त्यानं तो आवळला आणि बिल फाडलं. पाणी कधी येतं, हेच त्यानं विचारलं नाही. उभ्या बोटीत येतं तर बेलोज, ड्रेन प्लग, ट्रान्समचं पॅकिंग बघायचं. इंजिन चालू असतानाच येतं तर पाण्याचा पंप, पाइप, रायझरचे, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचे, जोड. पाय वर उचलला किंवा वळवला तरच येतं तर पुन्हा बेलोज, कारण चीर ताणल्यावरच उघडते. हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात आणि आम्ही ती वाचवली. त्यात तो तुम्हाला म्हणाला, ‘बोट पाण्यात असते, थोडं पाणी येणारच’. हे वाक्य आमच्या शेडमध्ये आता कुणी बोलणार नाही. त्याच्यातर्फे आणि माझ्यातर्फे माफी.

तिसऱ्या वेळी मी स्वतः आलो, तुम्ही तिथंच होता. तळ स्पंजानं टिपून दोन सोलापुरी टॉवेल लावून पुसला आणि वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. तुमच्या मिसेस हसल्या होत्या. पावडरीचा फायदा असा की पाणी आलं की त्याची वाट उमटते. ओल्या तळात पाणी कुठून आलं ते देवालाही सांगता येत नाही, कारण ते येतं एकीकडून आणि साचतं दुसरीकडे. रिकामी बोट अर्धा तास, कोरडी. इंजिन चालू, कोरडी. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण, पाय वर-खाली, कोरडी. मला वाटलं इज्जत गेली. मग तुमचे सहा पाहुणे मागच्या सीटवर बसवले, आणि इंजिन बंद करून बोट नुसती उभी ठेवली.

दहा मिनिटांत पावडरीवर करंगळीएवढी ओली रेघ उमटली. आणि ती सुरू कुठून झाली? तळातलं पाणी उपसायच्या पंपापासून!

त्या पंपाचं बाहेर पाणी टाकायचं तोंड बोटीच्या डाव्या कुशीत फार खाली बसवलेलं आहे. रिकाम्या बोटीत ते पाण्याच्या वर तीन बोटं राहतं. मागं सहा माणसं बसली की बुडतं. पाइप पंपापासून सरळ त्या तोंडाला जोडलेला, मध्ये उंच वळसा नाही, म्हणून तळ्यातलं पाणी त्याच वाटेनं आत. पुरेसं साचलं की पंपाचा तरंगता स्विच, फ्लोट, उचलतो, पंप ते बाहेर फेकतो, थांबतो, तेच पाणी परत. जोरात पळताना तोंड वर येतं, त्यामुळे पळताना काही नाही. फोटोला थांबलात की सुरू. पाहुणे उतरल्यावरही साचलेल्या पाण्यानं मागची बाजू जड राहते आणि तोंड पाण्यालगतच राहतं. बॅटरी बसली ती यात, पंप रात्रभर हा खेळ खेळत होता.

तो पंप आम्ही बसवलेला नाही. पण ही सबब नाही. तळात पाणी आहे म्हटल्यावर ते काढणारं यंत्र पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. चोराला शोधताना आम्ही पहारेकऱ्याकडे बघितलंच नाही. आणि चाचणी घेताना बोटीत एकटा पोरगा बसवला, बोट मात्र आठ माणसांची.

आता तोंड वर काठाजवळ घेतलंय, पाइपला काठाखाली उंच वळसा दिलाय. तुमच्या मेव्हण्यांनी पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकायला सांगितलं होतं, ते मी मुद्दाम ऐकलं नाही. उजनीचा गाळ आणि शेवाळ त्यात अडकलं की तो एक तर उघडा राहतो, नाही तर बंद, आणि बंद राहिला तर ज्या दिवशी पंपाची खरी गरज असेल त्या दिवशी पाणी बाहेर जाणार नाही. पाइपच्या वळशात बिघडायला काही नाही.

पैशाचं. दुसऱ्या फेरीचे ₹१,८०० तुम्ही ज्या नंबरवरून दिले त्यावर आज परत केलेत, तिसऱ्या फेरीचं बिल लावलेलंच नाही. बेलोज आणि बेअरिंगचे पैसे परत करणार नाही, ते काम लागत होतं आणि झालंय. रबर दर वर्षी बघून घ्या, आम्हाला दाखवा किंवा दुसऱ्या कुणाला.

स्टार बदला असं म्हणत नाही. एक काम मात्र आमच्याकडे बाकी आहे: डाव्या कुशीतलं जुनं भोक फायबरनं बुजवलंय, पण वरचा जेलकोट, म्हणजे गुळगुळीत रंगीत थर, राहिलाय, म्हणून तिथं रुपयाएवढा खडबडीत डाग दिसतो. पाण्यात असताना तो लावता येत नाही. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेली आणि बोट ट्रेलरवर चढली की फोन करा, मी रंग जुळवून घेऊन येतो. त्याचे पैसे नाहीत.