'जुना वाचक' यांना उत्तर: झोळी की आगाऊ वर्गणी?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून वेळ घेतला आणि आता सविस्तर लिहिते आहे.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की जपानी व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं, आवाज आणि संगीत यांच्यासह संगणकावर वाचायच्या, खेळासारख्या कादंबऱ्या) इंग्रजीत याव्यात म्हणून किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ज्या मोहिमा झाल्या, त्यांतल्या काहींना मी पैसे भरले आणि पुढेही भरेन. त्यावर 'जुना वाचक' यांचं म्हणणं असं: या कंपन्या नफ्यासाठी धंदा करतात, मग भांडवल त्यांनी घालावं, वाचकांपुढे झोळी का पसरावी? चाहते हीच भाषांतरं वर्षानुवर्षं फुकट करत होते, त्यांच्या कष्टांवर पाणी फिरवून वर पैसे मागणं हा निलाजरेपणा आहे. पैसे भरलेल्यांना वस्तू दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी मिळाल्या. मराठी माणसाने जपानला डॉलर पाठवण्यापेक्षा एखाद्या मराठी अनुवादाला हात द्यावा. आणि शेवटी, जरा नरमाईने, "तरी वाचायचंच ठरवलं तर सुरुवात कशाने करू?"

झोळीपासून सुरू करते, कारण तो शब्द मला लागला.

'क्लानाड' ही व्हिज्युअल नॉव्हेल जपानमध्ये एप्रिल २००४ मध्ये आली. तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका २००७ मध्ये सुरू झाली, देशोदेशीच्या लोकांनी ती पाहून डोळे पुसले, पण मूळ कलाकृती अधिकृतपणे इंग्रजीत यायला नोव्हेंबर २०१५ उजाडला. मध्ये साडेअकरा वर्षं गेली. जपानमध्ये ती या काळात प्लेस्टेशन २ वर आली, एक्सबॉक्स ३६० वर आली, पीएसपीवर आली. म्हणजे प्रकाशकाने तिला विसरून टाकलं होतं असं अजिबात नाही. तो ती पुन्हा पुन्हा विकत होता, फक्त समुद्रापलीकडे विकत नव्हता. का? माझं मत असं की पलीकडे वाचक आहेत हे त्याला ऐकून माहीत होतं, पण ते पैसे मोजतील याचा हिशेब त्याच्यापुढे कोणी मांडला नव्हता. मंचांवर "इंग्रजीत आणा हो" म्हणणारे हजारो होते. त्यातले निम्मे चकटफू उतरवून घेणारे.

२०१४ च्या अखेरीस 'सेकाई प्रोजेक्ट' या अमेरिकी कंपनीने 'क्लानाड'च्या इंग्रजी आवृत्तीसाठी मोहीम लावली. उद्दिष्ट १,४०,००० डॉलर. जानेवारी २०१५ मध्ये ती बंद झाली तेव्हा आकडा होता ५,४१,१६१ डॉलर, तेव्हाच्या भावाने जवळजवळ ३ कोटी ४० लाख रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात 'मुव-लव्ह' या दुसऱ्या व्हिज्युअल नॉव्हेलची मोहीम आली. तिने अडीच लाख डॉलर मागितले आणि वाचकांनी १२,५५,४४४ दिले. किकस्टार्टरचा नियम तुम्हाला ठाऊकच असेल: उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाच्याही कार्डावरून एक पैसा जात नाही. झोळीत पडतील ते चार दाणेही माणूस घेऊन जातो. इथे ठरलेली रक्कम जमली नाही तर हात हलवत परतायचं. हा प्रकार मला भिक्षेपेक्षा आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व सवलतीच्या जवळचा वाटतो. पुस्तक छापायच्या आधी पैसे भरा, पुरेसे ग्राहक झाले की छापू.

आणि पुढे काय झालं ते बघा, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. 'क्लानाड' ज्यांची, त्या 'की' या ब्रँडने २०१७ मध्ये 'लिटल बस्टर्स!'ची इंग्रजी आवृत्ती स्टीमवर, म्हणजे संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात, आणली. २०२० मध्ये 'समर पॉकेट्स' आणली. दोन्हींसाठी कुणाकडून वर्गणी मागितली नाही. वाचकांनी एकदा स्वतःची शिरगणती करून दिली आणि पुढच्या वेळी प्रकाशक आपल्या पायांनी चालत आला. याचं सगळं श्रेय मोहिमेला देणार नाही, स्टीमचाही वाटा मोठा आहे. 'की'चीच छोटी 'प्लॅनेटेरियन' तर त्या मोहिमेच्या आधीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, स्टीमवर इंग्रजीत आली होती. पण 'प्लॅनेटेरियन' एका रविवारात संपते. पन्नास तासांहून जास्त चालणाऱ्या, डझनभर पात्रांच्या वाटा असलेल्या कथेला हात घालायचा तर आधी कोणीतरी मान डोलावावी लागते. ती मान आम्ही डोलावली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता पैसे जातात कुठे. किकस्टार्टर स्वतःचे ५ टक्के घेतं, कार्डव्यवहाराचे साधारण ३ टक्के आणि वर काही सेंट वेगळे. 'क्लानाड'च्या रकमेतले चाळीस-पन्नास हजार डॉलर तिथेच गेले असणार. मग वस्तूंची छपाई आणि टपाल. मग मूळ गाण्यांचे, आवाजांचे हक्क, कारण जुन्या करारांत इंग्रजी आवृत्ती गृहीत धरलेली नसते. मग प्रोग्रॅमर. हे काम बाहेरून कळत नाही म्हणून सांगते. जपानी मजकूर जवळजवळ कुठल्याही अक्षरापाशी तोडून खालच्या ओळीत नेला तरी चालतो, शब्दांमध्ये मोकळी जागा नसतेच. त्यासाठी बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी तसंच ओतलं तर एका ओळीच्या शेवटी 'अंडरस्टँ' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'डिंग'. तीन ओळींच्या चौकटीत असं हजारो वेळा. ते कोणीतरी बसून निस्तरावं लागतं.

आणि मग भाषांतरकार. मी पुण्यात गेली अकरा वर्षं जपानीतून भाषांतर करते. बहुतेक वेळ यंत्रांच्या माहितीपुस्तिका, तपासणीचे तक्ते, बैठकांची टिपणं. त्यामुळे हे काम दुरून पाहणाऱ्याला सोपं का वाटतं तेही मला कळतं. एकच जागा दाखवते.

'क्लानाड'मध्ये इचिनोसे कोतोमी नावाची मुलगी आहे. हुशार, एकटी, माणसांशी बोलायची सवय नसलेली. ती स्वतःची ओळख ठरलेल्या साच्यात करून देते: कोतोमी, तीन हिरागाना अक्षरांची कोतोमी, हाक मारताना कोतोमी-चान. जपानीत हे साधं आहे. नावं बहुधा कांजीत, म्हणजे चिनी मुळाच्या अक्षरचिन्हांत लिहितात, हिचं मात्र हिरागाना या उच्चारानुसार लिहायच्या साध्या लिपीत, म्हणून ती अक्षरं मोजून सांगते, लहान मूल सांगेल तशी. इंग्रजीत या नावाची सहा अक्षरं होतात. 'तीन' ठेवावं तर वाचक बोटं मोजत बसतो. 'सहा' करावं तर पडद्यावर आवाज देणारी अभिनेत्री 'मित्त्सु' म्हणते आहे, आणि तेवढं जपानी अ‍ॅनिमे पाहणाऱ्याला येतं. 'हिरागाना' शब्द ठेवला तर नवखा अडतो, काढला तर ओळ मरते. आणि ही ओळ एकदा येऊन जाणारी नव्हे. ती पुन्हा पुन्हा येते, आणि दर खेपेला तिचा अर्थ थोडा अधिक जड झालेला असतो. पहिल्या दिवशी चुकलात तर चाळीस तासांनी कथा तुम्हाला पकडते. या एका वाक्यावर एक अख्खी दुपार गेली तर मी त्या भाषांतरकाराला आळशी म्हणणार नाही. त्या दुपारचे पैसे त्याला मिळावेत, एवढीच माझी वर्गणी.

(देवनागरीत मात्र कोतोमी तीनच अक्षरं. को, तो, मी. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये एकटीच हसले होते.)

चाहत्यांच्या फुकट कामाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वाटलं, आपण दोघं एकाच बाजूला आहोत. मीही ती भाषांतरं वाचून वाढले. 'मिरर मून' या गटाने २००६ मध्ये 'त्सुकिहिमे' आणि २००८ मध्ये 'फेट/स्टे नाइट' इंग्रजीत आणली नसती तर कदाचित मी जपानी शिकलेच नसते. पण त्या मार्गाची अडचण तुम्ही सोडून दिलीत. चाहत्यांचं भाषांतर म्हणजे जोडपट्टी, पॅच. ती चढवायला मूळ जपानी खेळ लागतो. तो किती जणांनी विकत घेतला? आपण दोघंही उत्तर जाणतो. मूळ लेखकाला, चित्रकाराला, गायिकेला त्यातलं काही पोचलं नाही. भाषांतर करणाऱ्यालाही नाही. त्याची परीक्षा आली, नोकरी लागली, मूल झालं की काम अर्धवट, आणि त्याला जाब विचारण्याचा हक्क कुणालाच नाही. 'फेट/स्टे नाइट' जपानमध्ये २००४ ची. चाहत्यांचं भाषांतर चार वर्षांत तयार. अधिकृत इंग्रजी आवृत्ती कधी आली? ऑगस्ट २०२४. फुकट कामाने वाचकांची भूक भागवली, पण प्रकाशकाचं दार त्याने उघडलं नाही.

राहिला पाणी फिरवण्याचा प्रश्न. 'सेकाई प्रोजेक्ट'ची सुरुवातच चाहत्यांचा भाषांतर गट म्हणून झाली, 'स्कूल डेज' या व्हिज्युअल नॉव्हेलसाठी. 'समर पॉकेट्स'चं इंग्रजी ज्या 'अल्का' गटाचं, तोही चाहत्यांचाच. रात्री जागून फुकट काम करणाऱ्यांतल्या काहींना त्याच कामाचा मोबदला मिळू लागला. यात त्यांचा अपमान कुठे झाला?

उशिराबद्दल मात्र तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. इथे मी कुणाची वकिली करणार नाही. एका मोहिमेत मी चित्रांचं पुस्तक आणि डबाबंद आवृत्ती असा महागडा टप्पा (भरलेल्या रकमेनुसार मिळणाऱ्या वस्तूंचा संच) घेतला होता. खेळ आला, वाचून झाला, आणि खोका तीन वर्षांनी आला. तोपर्यंत माझा पत्ता दोनदा बदलला होता. कुरिअरवाल्याने दारात सीमाशुल्काचा कागद पुढे केला, रोख भरल्याशिवाय खोका देईना. उघडला तर पुस्तकाचे दोन कोपरे दबलेले. मी ते पुस्तक बाहेर काढून ठेवलं, पण त्याकडे बघून आनंद होतो असं म्हणणार नाही. त्या तीन वर्षांत मला मिळालेले निरोप सगळे एकाच चालीचे होते: लवकरच कळवू.

यातून मी जे शिकले ते स्पष्ट लिहिते. मोहीम बिघडते ती बहुतेक वेळा भाषांतरामुळे नाही, जोडवस्तूंमुळे. उद्दिष्टाच्या वर पैसे येऊ लागले की आयोजकांच्या अंगात येतं. उशांचे अभ्रे, भिंतीवरची कापडं, मूर्ती, आणखी एक जोडकथा, आणखी एका यंत्रावरची आवृत्ती. प्रत्येक वस्तूचा कारखाना वेगळा, प्रत्येकीला परवानगी वेगळी, आणि टपालखर्च मोहिमेच्या दिवशी धरलेला असतो तो पाठवायच्या दिवशी राहत नाही. म्हणून आता मी फक्त डिजिटल टप्पा घेते. आणि पैसे भरण्याआधी एकच गोष्ट शोधते: भाषांतर किती झालं आहे आणि ते कोण करतं आहे. हे दोन्ही पानावर लिहिलेलं नसेल तर चित्रं कितीही सुंदर असोत, मी खिडकी बंद करते. किकस्टार्टर स्वतःच सांगतं की ते दुकान नाही. ज्यांना दुकानाची खात्री हवी त्यांनी आवृत्ती स्टीमवर येईपर्यंत थांबावं. त्यात काहीही कमीपणा नाही.

मराठीचं म्हणालात. तुमचा राग मला समजतो, पण एका हाताने दिलं म्हणून दुसरा हात रिकामा होतो असं मला वाटत नाही. वाचकांच्या आगाऊ पैशांवर मोठं काम उभं करणं ही काही अमेरिकेतून आलेली युक्ती नव्हे. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, भाग विकले, ग्राहक गोळा करत फिरले, आणि तेवीस खंड उभे राहिले. आज पुण्यात जपानी शिकणारी इतकी मुलं आहेत. त्यांतल्या चौघांनी मिळून एखादी छोटी व्हिज्युअल नॉव्हेल, रीतसर हक्क घेऊन, मराठीत आणायची ठरवली तर पहिली वर्गणी माझी. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. ज्यांना खरंच करायचं आहे त्यांनी मला लिहावं, भाषांतर तपासून द्यायला मी तयार आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. 'मुव-लव्ह'ने सुरुवात करू नका. तिथे आधी 'एक्स्ट्रा', मग 'अनलिमिटेड' आणि मगच 'ऑल्टरनेटिव्ह' हा क्रम पाळावा लागतो. 'एक्स्ट्रा' ही शाळेतली हलकीफुलकी प्रेमकथा वाटते आणि नवे वाचक कंटाळून तिथेच सोडतात. 'ऑल्टरनेटिव्ह'मध्ये जे घडतं ते सोसायला मन घट्ट लागतं, ते नंतर. आधी एका सुट्टीच्या दिवशी 'प्लॅनेटेरियन' वाचा. तिच्यात निवड करायचीही भानगड नाही, फक्त वाचत जायचं. आवडली तर 'क्लानाड' घ्या. शाळेच्या चढाखाली एक मुलगी धीर यावा म्हणून "अन्पान!" म्हणताना भेटेल. अन्पान म्हणजे गोड पुरण भरलेला पाव. असे शब्द अडले तर खेळातच 'डँगोपीडिया' नावाचा छोटा कोश आहे, तो उघडा. सगळे त्या चढाखालच्या मुलीच्याच मागे जातात, पण शेवटचा भाग नीट उलगडायला बाकीच्यांच्या वाटाही चालाव्या लागतात, म्हणून घाई करू नका. ग्रंथालयात एक मुलगी अनवाणी बसून कात्रीने पुस्तकाचं पान कापायला निघालेली दिसेल. तिच्याकडे रोज जात राहा.