एक्लिप्स कूपे आणि एक्लिप्स क्रॉस: ‘१९५ विरुद्ध १५२’ची तुलना का फसते

एक दावा सध्या सगळीकडे फिरतोय. मित्सुबिशीची १९९० ची एक्लिप्स कूपे १९५ अश्वशक्तीची होती, तर अमेरिकेत २०१८ ला आलेली एक्लिप्स क्रॉस ही एसयूव्ही अवघ्या १५२ ची. म्हणजे नाव तेच ठेवून कंपनी मागे गेली. शिवाय म्हणे जुनी गाडी हलकी, दणकट, घरच्या घरी दुरुस्त होणारी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कटकटीशिवायची.

‘हलकी’ एवढं खरं. जीएसएक्स, म्हणजे जुन्या एक्लिप्सचं फोर व्हील ड्राइव्हचं सर्वांत वरचं मॉडेल, साधारण १४०० किलोंची, तर फोर व्हील ड्राइव्हचीच क्रॉस १६०० च्या घरात.

पण १९५ हा आकडा फक्त सर्वांत वरच्या मॅन्युअल टर्बो मॉडेलचा. त्याच वर्षीच्या १.८ लिटरच्या साध्या एक्लिप्सची ताकद ९२ अश्वशक्ती होती, तिला या तुलनेतून सोयीस्करपणे वगळलं जातं. क्रॉसचं दीड लिटरचं इंजिन २५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) २००० आरपीएमपासूनच देतं, साध्या पेट्रोलवर. सरळ रस्त्यावर जीएसएक्स तिला मागे टाकते, हे निर्विवाद.

‘दणकट’ हा शब्द मात्र धोकादायक आहे. पहिल्या पिढीच्या एक्लिप्समध्ये एअरबॅग नव्हती. अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये खांद्याचा पट्टा दाराच्या चौकटीवरून मोटरने आपोआप सरकायचा. कमरेचा पट्टा वेगळा, हाताने लावायचा. तो विसरला की समोरून धडक बसताना शरीर खांद्याच्या पट्ट्याखालून घसरतं. क्रॉसमध्ये सात एअरबॅग आहेत आणि २०१७ मध्ये युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा-चाचणी संस्थेने तिला पाच तारे दिले.

घरच्या दुरुस्तीचं म्हणाल, तर जुन्या टर्बो एक्लिप्सच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा) दर ६०,००० मैलांना बदलावा लागतो. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. त्याच्या मागे बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा, छोटा बेल्ट असतो. तो तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकला तरी तीच गत, म्हणून दोन्ही एकदमच बदला. दुसरा बॅलन्स शाफ्ट ऑइल पंपाच्या पुलीवर फिरतो; त्या पुलीची खूण जुळली म्हणजे झालं, असं समजू नका. ब्लॉकवरचा प्लग काढून ८ मिमीचा स्क्रूड्रायव्हर आत घाला. तो ६० मिमी आत गेला पाहिजे. २०-२५ मिमीवरच अडला, तर शाफ्ट उलटा बसलाय; पुली एक फेरा फिरवून पुन्हा बघा, नाहीतर इंजिन थरथरत राहील. बेल्ट बसवून क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवा, १५ मिनिटं थांबा आणि बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा मोजा: ३.८ ते ४.५ मिमी बाहेर हवा. क्रॉसला बेल्टऐवजी चेन आहे. तिचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स बिघडला तर घरी काहीच करता येत नाही, हेही तितकंच खरं.

आणि कटकट? जुन्या एक्लिप्सच्या ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरमधले) कपॅसिटर वयानुसार गळतात, आतला द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. मग आयडलिंग वरखाली होतं, कधी गाडी सुरूच होत नाही. जुनी गाडी घेताना ईसीयूचं झाकण उघडून वास घ्या. माशासारखा वास आला, तर कपॅसिटर गेलेत. १०५ अंश सेल्सियसला टिकणारे नवे लावा, पण आधी बोर्ड अल्कोहोलने नीट धुऊन घ्या.